पोरांच्या घामाची खेडा खरेदी

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण. जसे बोललो तसेच, थोडे आवरून छापले आहे.)



कापूस-ज्वारीच्या बैठकीला भोर-वेल्ह्याची माणसे कशाला बोलावली, असा प्रश्न तुमच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. आमच्याकडे कापूस नाही. खाली भाताची खाचरे, वर डोंगरउताराला नाचणी आणि वरई. पावसाळ्यात पाऊस इतका की तुम्हाला हेवा वाटावा. पण भात झोडून घरात आला की शेताला काम उरत नाही आणि दिवाळीनंतर आमची नि तुमची गत एकच होते. तुमचा पोरगा रात्रीच्या गाडीने पुण्याला उतरतो, आमचा पहाटे मोटारसायकलने हायवेला उतरतो. सकाळी सात वाजता दोघे एकाच फाटकासमोर उभे असतात. त्या फाटकाबद्दल बोलायला आम्ही आलो आहोत.

आधी मुलूख सांगतो. वेल्हे म्हणजे तोरणा आणि राजगड ज्यात येतात तो तालुका. कागदोपत्री त्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण माणसांच्या तोंडात वेल्हेच आहे, आम्हीही तेच म्हणू. २०११ च्या शिरगणतीत अख्ख्या तालुक्याची वस्ती ५४ हजारांच्या आसपास होती. पाणी मात्र उदंड. पानशेत धरण वेल्ह्यात, त्याचे पाणी पुणे शहर पिते. भोरला वेळवंडी नदीवर भाटघर, ते १९२८ साली पुरे झाले आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या रानात जाते. नंतर नीरा-देवघर आले, गुंजवणी आले. जमीन गेलेल्यांच्या हातात प्रकल्पग्रस्ताचा दाखला राहिला. त्या दाखल्यावर सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. भरतीच निघत नाही त्या वर्षी हे पाच टक्के कशाचे काढायचे, हे मात्र दाखल्यावर लिहिलेले नसते.

भोरजवळ उत्रौलीला औद्योगिक वसाहत होणार, ही बातमी आमच्याकडे निवडणुकीच्या हंगामात पिकते. प्रत्यक्षात आमच्या पोरांचे काम आहे ते हायवेच्या कडेला. वर खेड-शिवापूर, मधे नसरापूर-कापूरव्होळचा पट्टा, आणि नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्ह्यातले शिरवळ.

शेतीमालाला भाव नाही म्हणून पोरगा फाटकाशी जातो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. ते तुम्हाला पाठ आहे. आम्हाला त्याच्या पुढचे सांगायचे आहे. कापूस कसा लुटला जातो हे आपण वीस-पंचवीस वर्षे बैठकांत बसून शिकलो. आडत, हमाली, तोलाई, कटती, ओलाव्याच्या नावाखाली भाव पाडणे, सगळे आपल्याला कळते. पण तोच शेतकरी पोराला फाटकावर सोडून येतो तेव्हा त्याला एवढेच माहीत असते की 'कंपनीत लागला'. कुठल्या कंपनीत, कुणाच्या नावावर, काय दराने, हे विचारले की तो पोराकडे बघतो आणि पोरगा मोबाईलमध्ये बघतो.

तर तो 'कंपनीत' लागलेला नसतोच. हायवेच्या कडेला एक गाळा असतो. वर फलक असतो, त्यावर 'मॅनपॉवर', 'प्लेसमेंट', 'एच आर सर्व्हिसेस' असे काहीबाही शब्द. आत प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, एक टेबल आणि एक डायरी. आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, बँकेचे पासबुक. कुठे कुठे 'नोंदणी फी', 'गणवेशाचे पैसे', 'बुटांचे पैसे' असे काही शे रुपये आधीच घेतात. मग एक गाडी येते आणि आठ-दहा पोरे भरून नेते. पोराला काम कुठल्या फाटकाच्या आत करायचे ते संध्याकाळी कळते, पगार किती ते महिन्याने कळते.

आता तुम्ही सांगा, खेडा खरेदी याहून वेगळी कशी असते? व्यापारी टेम्पो घेऊन दारात येतो. काटा त्याचा, भाव त्याचा, वही त्याची. शेतकऱ्याला गाडीभाडे वाचल्याचे समाधान आणि त्याला क्विंटलमागे हवे ते काढायची मोकळीक. इथेही तेच आहे, फरक एवढाच की कापूस एकदाच विकला जातो आणि पोरगा दर महिन्याला.

हिशेब करून दाखवतो, कारण आपल्या बैठकीत हिशेबाशिवाय कुणी ऐकत नाही. समजा पोराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १२,००० रुपये आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठी, म्हणजे पीएफसाठी, त्याच्या पगारातून १२ टक्के कापायचे, ते झाले १,४४०. राज्य कामगार विम्याचे, ज्याला ईएसआय म्हणतात, पाऊण टक्का, ते ९०. एकूण कपात १,५३०. यावर मालकाने स्वतःच्या खिशातून पीएफचे १२ टक्के, म्हणजे आणखी १,४४० आणि विम्याचे सव्वातीन टक्के, म्हणजे ३९०, असे १,८३० रुपये भरायचे. मालकाचा हिस्सा कामगाराच्या मजुरीतून कापता येत नाही, हे कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे.

पोरांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आम्ही घेऊन बसतो तेव्हा काय दिसते? काहींच्या चिठ्ठीत दोन्ही हिस्से पोराच्याच पगारातून गेलेले. १,५३० च्या जागी ३,३६० ची कटती. वरचे १,८३० रुपये म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ होता. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ अर्धा क्विंटल ज्वारी काट्यावरच खाली सांडते, आणि तीही हमीभावाची ज्वारी, जी तुम्हाला बाजारात त्या भावाने विकता येत नाही ती. काहींना चिठ्ठीच मिळत नाही, फोनवर आकडा येतो. काहींचे पीएफ कापले जाते पण खात्यात जमा होत नाही. आणि हुशार ठेकेदार असतो तो दर काही महिन्यांनी नाव बदलून दुसऱ्या संस्थेच्या कागदावर पोराला घेतो, म्हणजे पाच वर्षे त्याच यंत्रावर उभा राहिलेला पोरगा कागदावर कायम नवाच.

यात बायकांचे वेगळे सांगायला पाहिजे. वेल्ह्याच्या गावांतून पॅकिंगला आणि साफसफाईला बायका जातात. घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत बारा-तेरा तास. पुरुषाला हेल्पर म्हणायचे आणि बाईला 'पॅकिंगवाली' म्हणायचे, की मग समान कामाला समान मजुरी द्यायचा प्रश्नच निकालात निघतो. कामाचे नाव बदलले की दर बदलतो. ही युक्ती कापसाच्या प्रतवारीत तुम्ही रोज बघता.

ठेकेदाराला शिव्या देऊन मोकळे होता येत नाही, ही आमची अडचण आहे. तो परका नाही. बहुतेक वेळा तो हायवेलगतच्या जमीन गेलेल्या शेतकऱ्याचाच पोरगा असतो. जमिनीच्या बदल्यात कंपनीने कायमची नोकरी दिली नाही, ठेका दिला. गावच्या जत्रेला तो वर्गणी देतो, गणपतीचा मांडव त्याचा, सरपंचाच्या प्रचाराला गाड्या त्याच्या. अडीनडीला पोरांना उचल देतो, आणि ती देतो हेही खरे आहे. आमच्या बैठकीत तो पहिल्या रांगेत बसतो. त्याला विचारले तर तो म्हणतो, "साहेब, कंपनी मला डोक्यामागे जे देते त्यात कायदा बसत नाही. मी नाही घेतले तर दुसरा घेतो." हे साफ खोटे नाही. कंपनी निविदा काढते, सगळ्यात कमी दर देणाऱ्याला ठेका जातो, आणि कमी दर कुठून निघतो? यंत्राच्या विजेतून निघत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की फाटकाच्या आतल्या मालकाला सोडून नुसत्या गाळ्यावर मोर्चा नेऊ नये. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने तो द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. त्याच संहितांत प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र देणे सक्तीचे केले आहे. ते पत्र मागा. शंभरातल्या किती जणांना ते मिळते ते आधी मोजू, मग पुढचे बोलू.

कुणी म्हणेल, सरकारचे रोजगार कार्यालय होते की, त्याचे काय झाले? त्याची कथा थोडक्यात सांगतो. दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ साली, पलटणीतून सुटलेल्या शिपायांना कामाला लावायला ही कार्यालये निघाली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वापरली आणि मग सगळ्यांना खुली झाली. १९५९ साली कायदा झाला की ठरावीक संख्येहून जास्त माणसे असलेल्या कारखान्याने रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवल्याच पाहिजेत. कळवायच्या, बरे का! तिथूनच माणूस घेतला पाहिजे असे नाही, तसे बंधन नाही हे त्याच कायद्यात लिहून ठेवले होते. म्हणजे बाजार समितीने व्यापाऱ्याला सांगावे, माल घेणार असशील तर आम्हाला चिठ्ठी पाठव, घेतोस कुणाकडून ते तुझे तू बघ. त्याच वर्षी भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा एक करारही मान्य केला, की रोजगार मिळवून देणारी सरकारी सेवा फुकट असावी. फुकट तर ती होतीच. आमच्या पिढीने त्या कार्डाचे नूतनीकरण करायला जिल्ह्याच्या रांगेत दिवस घालवले. शेतकी पदवीधरांचे कार्ड तर पिवळे पडून फाटायचे, कॉल यायचा नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी भरतीसाठी नुसती कार्यालयाकडून यादी मागवून चालणार नाही, जाहिरातही द्या. न्याय म्हणून ते बरोबरच होते, पण त्यानंतर कार्डाला उरलासुरला अर्थ राहिला नाही. मग फलक बदलला. आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र म्हणतात, नोंदणी संगणकावर होते, आणि नव्या संहितेत याच कामाला 'करिअर सेंटर' असे नाव आहे. वेल्ह्याच्या टोकाच्या वाडीत मोबाईलला रेंज यायला टेकडीवर चढावे लागते, तिथला पोरगा हे करिअर सेंटर कुठल्या दगडावर बसून उघडणार?

या जागेवर मग 'स्थानिकांना नोकऱ्या द्या' ही आरोळी येते. आमच्याकडे ती जोरात आहे आणि पुढारी ती आवडीने देतात. महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे, २००८ साली तो पुन्हा काढला, की सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकाच्या कामांत निम्मी आणि बाकीच्या कामांत ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत. पण स्थानिक कोण? त्या निर्णयाप्रमाणे महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेला तो स्थानिक. म्हणजे भोरचा पोरगा जेवढा स्थानिक तेवढाच यवतमाळचा, परभणीचा, बीडचा. हे ऐकून आमच्याकडे काहीजण नाराज होतात. आम्ही त्यांना म्हणतो, तालुक्याची वेस फाटकावर बांधू नका. ठेकेदाराला नेमके तेच हवे असते. भोरचे पोरगे ओव्हरटाइमचे पैसे मागायला लागले की तो म्हणतो, 'मराठवाड्यातून गाडी भरून आणतो.' मराठवाड्याचे पोरगे खोलीभाड्याला परवडत नाही म्हणाले की तो म्हणतो, 'इथले घरून डबा आणतात, त्यांना परवडते.' दोघांचा भाव एकमेकांना दाखवून पाडला जातो. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदाच केला होता, तो तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. त्या वाटेने फार काही हाताला लागेल असे आम्हाला वाटत नाही.

मार्गदर्शनाबद्दल बोलू. दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याला करिअर मार्गदर्शन मेळावा होतो. शहरातून पाहुणे येतात, 'मोठी स्वप्ने बघा' म्हणतात, हार-नारळ घेतात, जातात. स्वप्नाचा उत्पादनखर्च कुणी सांगत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीचे बघा. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. परीक्षा शुल्क खुल्या गटाला हजार रुपये, राखीव गटाला नऊशे. सरळ गुणाकार केला तर दहा लाख गुणिले नऊशे, नव्वद कोटी. आणि दोनशे पोरांमागे एकालाही जागा नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवण इतकी लिहिली असती तर आपण ती दुकानदाराच्या डोक्यावर आपटली असती. २०२४ साली सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सहा महिन्यांची होती, ती वाढवून अकरा केली. बाराव्या महिन्यात पोरगा पुन्हा त्याच गाळ्यासमोर.

खरे मार्गदर्शन माती परीक्षणासारखे असते. या रानात काय आहे, काय नाही, कशाला किती लागेल, ते कोरडेपणाने सांगायचे. शिरवळच्या पट्ट्यात वेल्डरला आज काय देतात, फिटरला काय, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला काय. कुठले फाटक थेट घेते, कुठले ठेक्याने. आयटीआय झालेला आणि न झालेला यांच्या चिठ्ठीत फरक किती, आणि तो फरक आयटीआयच्या दोन वर्षांचा खर्च भरून काढतो का. हे सांगायला पाहुणा लागत नाही, दहा पगाराच्या चिठ्ठ्या लागतात.

आणि या महाराष्ट्राला हे जमत नाही असे नाही. वि. स. पागे यांनी १९६९ साली सांगली जिल्ह्यात विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग करून बघितला, ७२ च्या दुष्काळात तो राज्यभर उपयोगी पडला, १९७७ चा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी खडी फोडली आहे, त्यांना विचारा. हजेरीपटात गडबडी होत्या, मजुरी थकायची, सगळे खरे. पण तिथे माणूस काम मागायला जायचा तो हक्काने. केंद्राने तसा कायदा २००५ साली केला, म्हणजे आपल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. दुसरा कायदा माथाडीचा, १९६९ चा. हमालीवरून आपले हमालांशी खटके उडतात, ते बाजूला ठेवू. पण त्या कायद्याची रचना बघा. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती वाटायची आणि पीएफ-ग्रॅच्युइटी सांभाळायची. मधला मुकादम काढला. अण्णासाहेब पाटलांनी ज्या डोंगरी भागातल्या माणसांसाठी हे करून घेतले ती आमच्यासारखीच गावे. आज त्याच कायद्याचे नाव घेऊन कारखान्यांच्या फाटकावर खंडणी मागणारेही निघाले, ते आम्ही पाहतो. तरी पोरगा कुणाच्या वहीत आहे यावर त्याचा भाव ठरतो, हे त्या कायद्याने ओळखले होते.

म्हणून आम्ही भोर-वेल्ह्याच्या काही गावांत एक वही सुरू केली. ठेकेदाराची डायरी आहे, तशी गावाची वही. कोण, कुठल्या फाटकावर, कुणामार्फत, कधीपासून, दर काय, कटती काय, पीएफचा नंबर आहे का. पहिल्याच महिन्यात कळले की एकाच फाटकाच्या आत एकाच कामाला दोन ठेकेदारांचे दोन दर आहेत, आणि दोन्हीकडची पोरे एकाच गावातली असून त्यांनी एकमेकांना कधी विचारले नव्हते. दुसऱ्या महिन्यात एका पोराला निरोप आला, 'उद्यापासून येऊ नको.' वहीतले त्याचे पान कुणीतरी फोटो काढून पोहोचवले होते. त्या घरात दोन दुभती जनावरे आणि वीस गुंठे खाचर, दुसरे काही नाही. आता वहीची गावाबाहेर जाणारी प्रत निनावी असते, नुसते आकडे. नावांची प्रत गावातल्या दोन बायकांकडे राहते. पुरुषांकडे ठेवायची नाही असे गावानेच ठरवले, कारण पुरुष संध्याकाळी ठेकेदाराच्या गाडीवर बसतात.

पण आमच्या वहीत अर्धाच फाटक येतो. उरलेला अर्धा तुमच्या गावांतून आलेला आहे आणि तो आमच्याशी बोलत नाही, कारण त्याला वाटते आम्ही 'स्थानिक' म्हणजे त्याच्या विरुद्ध. म्हणून मागणे एवढेच. पोळ्याला, दिवाळीला, जत्रेला तुमची पोरे घरी येतील तेव्हा त्यांच्या पगाराची चिठ्ठी बघा. आमच्या वहीचे रकाने तुमच्याही वहीत घ्या, त्यात फक्त दोन वाढवा: जाण्याआधी कुणाला किती पैसे दिले, आणि खोलीचे भाडे कुणाला देतो. दोन्ही टोकांचे आकडे शेजारी ठेवले की एका फाटकाचा खरा दर निघेल, आणि तो घेऊन दोन्हीकडची माणसे मिळून आत जातील. पुढच्या जिल्हा बैठकीला पहिले आकडे आणायचे.

नमुन्याच्या वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पन्नासच आणल्या आहेत, तेव्हा एका गावाने एकच घ्या.